नसलेल्या ग्रहाचे हवापाणी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी जी भाषणे झाली त्यांचे विषय भारदस्त होते. आमचा विषय कळताच एका ज्येष्ठ विश्वस्तांनी चष्मा कपाळावर चढवून आम्हांस विचारले, "अहो मास्तर, इथे नळाला पाणी कधी येईल म्हणून आम्ही पहाटेपासून कान लावून बसतो, आणि तुम्ही जो ग्रहच नाही त्याच्या पाण्याची काळजी वाहता?" प्रश्न रास्त आहे. त्याला आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. आज दोन वर्षांत जे घडले ते सांगतो, आणि त्यात उत्तर सापडते का ते आपणच पाहावे.

आपल्या न्यासाच्या वाचनालयात शनिवारी दुपारी आम्ही नववीच्या मुलामुलींचा विज्ञानवर्ग घेतो. वर्ग म्हणण्यापेक्षा बैठक म्हणावी. या मुलांनी एक हस्तलिखित काढले, आणि त्यात एका मुलीने गोष्ट लिहिली. गोष्टीतल्या ग्रहाला तीन सूर्य होते, भोवती बर्फाचे डोंगर होते, आणि त्या बर्फात आंब्याच्या आमराया मोहोरल्या होत्या. आम्ही ती वाचली आणि सर्वांसमक्ष हसलो. शिक्षकाने जे करू नये ते आम्ही केले. मुलगी धीट होती. ती म्हणाली, "सर, हसू नका. का होणार नाही ते सांगा."

बी. एड. ला आम्ही पाठाची टाचणे पुष्कळ काढली होती, पण या प्रश्नाचे टाचण आमच्यापाशी नव्हते. आंबा बर्फात का येत नाही हे सांगता आले, परंतु त्या ग्रहावर बर्फच का असेल, ऊन किती असेल, वारा कोणीकडून वाहील, हे विचारल्यावर आमची दांडी उडाली. शेवटी आम्ही म्हणालो, "आपण एक ग्रह करू या. पण त्यावर जे जे घालू त्याचा हिशेब द्यावा लागेल." मुलांनी तेथल्या तेथे त्याचे बारसेही केले. पृथ्वी ही आई, तर ही मावशी! तेव्हापासून त्या ग्रहाचे नाव मावशी.

हा उद्योग पोरकट वाटेल, म्हणून त्याचे कुळ आधी सांगतो. ग्रहांच्या गतीचे नियम ज्याने मांडले त्या योहान्नेस केप्लरने विद्यार्थिदशेत, १५९३ साली, चंद्रावरून आकाश कसे दिसेल यावर एक निबंध लिहिला होता. पुढे त्याचीच त्याने गोष्ट केली. तिचे लॅटिन नाव 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्र तेवढीच, हे गणित त्याच्यापाशी होते. त्या गणितावरून त्याने जीव कल्पिले. दिवसाच्या भाजणाऱ्या उन्हापासून ते गुहांत आणि खोल पाण्यात दडतात, हटत जाणाऱ्या पाण्यामागे झुंडीने फिरतात, झपाट्याने वाढतात आणि लवकर मरतात. चंद्राच्या एका बाजूला पृथ्वी सदैव डोक्यावर दिसते, दुसरीला ती कधीच दिसत नाही. म्हणून दोन्हीकडचे हवामान आणि दोन्हीकडची वस्ती त्याने वेगळी रंगविली. चंद्रावर हवा आणि वाहते पाणी नाही हे आज आपण जाणतो, तेव्हा त्याचे जीव खोटे ठरले. परंतु आधी दिवस किती लांब ते मोजायचे आणि मगच प्राण्याची कातडी कशी असेल ते ठरवायचे, ही त्याची रीत खरी ठरली.

या गोष्टीची किंमत त्याच्या घराला द्यावी लागली. गोष्टीतला कथानायक सांगतो की त्याची आई जडीबुटी विकते आणि तिचे पिशाचांशी बोलणे होते. हस्तलिखित हातोहात फिरले. पुढे केप्लरच्या खऱ्या आईवर, कॅथरीनावर, चेटकीण असल्याचा आळ आला. १६२० मध्ये तिला धरले, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई सुमारे चौदा महिने कोठडीत होती. केप्लर स्वतः जाऊन तिच्या बाजूने लढला आणि १६२१ मध्ये ती सुटली. आपल्या गोष्टीने या आळाला हातभार लावला असे त्याला वाटत राहिले. पुढची कित्येक वर्षे तो त्या लहानशा गोष्टीला टिपा जोडीत बसला. टिपा झाल्या २२३, मूळ गोष्टीहून कितीतरी लांब! प्रत्येक वाक्यामागे कोणते निरीक्षण आहे आणि कोणते गणित आहे हे त्याने लिहून ठेवले. पुस्तक छापून झाले १६३४ मध्ये, तो वारल्यानंतर चार वर्षांनी. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा ती आंब्याच्या मोहोराची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, आपणही टिपांची वही करू या." ती वही आज या सभागृहात आहे.

दुसरे नाव आम्हांस अधिक जवळचे, कारण ते गृहस्थ आमच्याच धंद्यातले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅरी स्टब्ज या नावाचे एक शाळामास्तर विज्ञान शिकवीत. हॅल क्लेमेंट या टोपणनावाने त्यांनी १९५३ मध्ये 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ही कादंबरी एका मासिकातून क्रमशः लिहिली. तिच्यातला मेस्क्लिन हा ग्रह अवघ्या अठरा मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तो भाकरीसारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवाजवळ जवळजवळ सातशेपट! समुद्र पाण्याचे नव्हेत, मिथेनचे. तिथले शहाणे प्राणी गोमेसारखे, हातभरही लांब नाहीत, जमिनीला चिकटून चालणारे. सहा इंचांवरून पडणे म्हणजेही मरण, म्हणून त्यांना उंचीचे भय, डोक्यावर छप्पर असण्याचे भय, आणि एखादी वस्तू फेकावी ही कल्पनाच त्यांच्या मनात येत नाही. गुरुत्वाच्या एका आकड्यातून मास्तरांनी प्राण्यांची भीतीसुद्धा काढली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याच वर्षी त्यांनी आपले सारे गणित एका लेखात उघड मांडले आणि म्हटले की हा लेखक-वाचकांमधला खेळ आहे, वाचकाने चूक पकडावी. वाचकांनी ती पकडलीही. पुढे गणित पुन्हा झाले तेव्हा ध्रुवावरचा आकडा निम्म्याहूनही कमी भरला. मास्तरांनी ते मानले. चूक मानणारा मास्तर मुलांना ठाऊक असावा, म्हणून हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.

आता मावशीकडे वळू.

पहिला प्रश्न चुलीचा. तीन सूर्य मुलांनी स्वतःच रद्द केले, कारण तिघांच्या ओढाताणीत ग्रहाची वाट स्थिर ठेवणे जड जाते. मग काहींना तांबडा लहान तारा हवा होता. असा तारा मंद, म्हणून ऊब हवी तर ग्रह त्याच्या अगदी जवळ न्यावा लागतो. आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याभोवती २०१६ मध्ये जो ग्रह सापडला त्याचे वर्ष अकरा-सव्वाअकरा दिवसांचे आहे. इतक्या जवळ गेलेला ग्रह बहुधा एकच तोंड ताऱ्याकडे ठेवतो, जसा चंद्र आपल्याकडे ठेवतो. मग अर्ध्या ग्रहावर कायमची दुपार, अर्ध्यावर कायमची मध्यरात्र, आणि सारी हवा त्या अंधारात गोठून पडेल अशी धास्ती असे. १९९७ मध्ये जोशी, हॅबर्ली आणि रेनॉल्ड्स या तिघांनी गणित करून दाखविले की हवा पुरेशी दाट असेल तर वारेच ऊब पलीकडे वाहून नेतात आणि हवा गोठत नाही. मुलांना हे आवडले, पण सूर्योदय नसलेल्या गावात शाळा किती वाजता भरवायची यावर वाद झाला आणि तांबडा तारा मागे पडला.

ठरला तो नारिंगी तारा. वस्तुमान सूर्याच्या आठ दशांश, प्रकाश चार दशांश. पृथ्वीइतकेच ऊन मिळायचे तर मावशीला पृथ्वी-सूर्य अंतराच्या त्रेसष्ट शतांशांवर ठेवावे लागते, आणि केप्लरच्याच नियमाने तिचे वर्ष येते सुमारे २०५ दिवसांचे. चौदा वर्षांची मुले एका फटक्यात पंचवीस वर्षांची झाली आणि वर्गात मोठा आनंद पसरला. त्या आनंदात एक मुलगा मात्र बोटांवर काही मोजीत होता. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

ऊन सारखे म्हणून ऊबही सारखी, असे मात्र नाही. नुसत्या उन्हाचा हिशेब केला तर आपल्या पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश यावे. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. मधले ३३ अंश हवेच्या गोधडीचे. बाफ आणि कर्बवायू ही त्या गोधडीची मुख्य कापडे. गोधडी फार जाड झाली की काय होते ते शुक्राकडे पाहावे. त्याचे पांढरे ढग तीन चतुर्थांश ऊन परत फेकतात, म्हणून सूर्याच्या जवळ असूनही तो पृथ्वीहून कमी ऊन पोटात घेतो. तरी त्याच्या जमिनीवर साडेचारशे अंशांहून अधिक उष्णता आहे. आपल्या हवेत कर्बवायूचे प्रमाण १९५८ मध्ये दहा लाखांत ३१५ भाग मोजले गेले, आज ते ४२० च्या वर आहे. मावशीच्या गोधडीला किती टाके घालायचे हे ठरविताना मुलांनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि तो महिनाभर कोणी पुसला नाही.

ऋतू हवे असतील तर आस कलता हवा. पृथ्वीचा कल साडेतेवीस अंश. हे शिकविताना आम्ही आमच्या घरचा दाखला देतो. रमजानचा महिना चांद्र, म्हणून दरवर्षी अकराएक दिवस मागे सरतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी करतो. लहानपणी आमच्या वडीलधाऱ्यांना आम्ही मे महिन्याच्या तलखीत रोजे धरताना पाहिले, १९९९ च्या डिसेंबरात दिवस लहान म्हणून आम्हांस ते सोपे गेले, आणि २०१८ साली पुन्हा मे महिना आला. आसाचा कल म्हणजे काय हे आमच्या घशाला पाठ आहे. यावर मुलांनी विचारले, "सर, मावशीला दोन चंद्र आहेत, मग ईद कोणत्या चंद्राची?" लगेच दुसरी म्हणाली, "आणि संकष्टी?" आम्ही मंगळाचा फोबोस सांगितला. तो आठ तासांच्या आतच एक फेरी पुरी करतो आणि पश्चिमेला उगवतो. तसा चंद्र असेल तर उपास धरायच्या आधीच सोडावा लागेल. तेव्हा लांबचा चंद्र धर्माचा आणि जवळचा गंमतीचा, असा तह झाला.

वाऱ्याचे प्रकरण अवघड. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, दोन्हीकडे पसरते आणि पृथ्वीवर तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरती हवा कोरडी, म्हणून मोठी वाळवंटे त्याच पट्ट्यात. मधली सुटी मोठी मिळावी म्हणून मुलांनी मावशीचा दिवस तीस तासांचा केला होता. गिरकी मंद झाली की हा कोरडा पट्टा थोडा ध्रुवांकडे सरकतो. एकाने तर गिरकीच उलटी केली. त्याला आम्ही हॅम्बुर्गच्या संशोधकांचे २०१८ मधील गणित सांगितले. पृथ्वी उलटी फिरविली तर सहारा हिरवे होते, आणि ब्राझीलचा दक्षिण भाग व अर्जेंटिना रखरखीत होतात. ग्रह तोच, समुद्र तेच, फक्त फिरण्याची दिशा बदलली! मुलाने गिरकी पुन्हा सरळ केली. म्हणाला, "अर्जेंटिनाचा फुटबॉल बुडेल."

आता तो बोटे मोजणारा मुलगा. तो गोकाक तालुक्यातला, घटप्रभेच्या काठच्या एका खेड्यातला. शिक्षणासाठी बेळगावात मामाकडे राहतो. बोलण्यात मराठी आणि कानडी अशी गुंफलेली की कोणते सूत कोणते ते कळू नये. तो म्हणाला, "सर, वर्ष २०५ दिवसांचे, म्हणजे पावसाळा फार तर पन्नास-साठ दिवसांचा. ज्वारीला चार महिने लागतात. मावशीवर ज्वारी येणार नाही. भातही नाही. मूग येईल." आम्ही अनेक पुस्तके चाळली होती, पण हे आम्हांस सुचले नव्हते. त्या दिवसापासून मावशीवरच्या लोकांचे मुख्य अन्न मूग झाले, आणि रानातली झाडेझुडपेही लवकर फुलणारी, लवकर बी धरणारी, किंवा मग दोन-तीन वर्षांत एकदाच फळणारी, अशी ठरवावी लागली.

त्याच मुलाने पुढच्या शनिवारी मागणी केली, "सर, मावशीवर पाऊस सगळीकडे सारखा पाडा."

हा विषय बेळगावकरांना नवा नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इथे आपल्याकडे सुमारे तेराशे. गोकाककडे पाच-सहाशे. आंबोलीपासून गोकाक सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, वर चढली की थंड होते, थंड झाली की पाणी सोडते, आणि रिती होऊन पूर्वेला उतरते. मुलाला हे पाठ होते. त्याला कारण नको होते, न्याय हवा होता.

आम्ही म्हणालो, बरे, वाटून पाहू. साऱ्या पृथ्वीवरचा पाऊस समान वाटला तर जमिनीवर आणि समुद्रावर सर्वत्र वर्षाला सुमारे एक मीटर येतो. म्हणजे त्याच्या गावाला आजच्या जवळजवळ दुप्पट. त्याचा चेहरा खुलला. मग त्याने विचारले, "मग वाटत का नाहीत?"

कोण वाटणार होते? पण तो प्रश्न फळ्यावर लिहून आम्ही तीन शनिवार त्यावर घालविले. सारखा पाऊस हवा तर डोंगर नकोत. मुलांनी नकाशावरचा मावशीचा सह्याद्री खोडला. हवेला आता वर चढवायला कोणी नाही. थोडे पाणी पूर्वेला अधिक पडेल, परंतु डोंगराने जे ओढून घेतले होते त्यातले बरेचसे डोक्यावरून पुढे निघून जाईल. आणि मुख्य म्हणजे नदी गेली. घटप्रभा सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर जन्मते. डोंगर नाही तर उगम नाही, उतार नाही, गोकाकचा धबधबा नाही. मुलाच्या गावाला आकाशातून थोडे मिळाले आणि जमिनीवरून आयुष्यभर येणारे गेले. तो नकाशाकडे बघत राहिला.

मग तो जे बोलला ते आम्ही विसरणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तो दुसरी-तिसरीत असेल. गावावर पाऊस फारसा नव्हता, पण घाटावर तो कोसळत होता आणि नदी चढत होती. पाणी घरात शिरले. त्याच्या आजीने आधी म्हैस सोडली, मग त्याला उचलले. कुटुंब कित्येक दिवस एका शाळेत राहिले, आणि घराच्या मातीच्या भिंती गेल्या. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे पाऊस येत नाही म्हणून रडायचे, आणि दुसऱ्याचा पाऊस आला म्हणून बुडायचे. डोंगर ठेवला तरी मरण, काढला तरी मरण."

आमच्यापाशी शब्द नव्हते. आम्ही फक्त म्हणालो, "मावशीवर तू काय करशील?" त्याने पेन्सिल घेतली आणि डोंगर परत काढला. डोंगराच्या पश्चिम उतारावर त्याने दाट झाडी भरली, कारण झाडीखालची माती पाणी मुरविते आणि हळूहळू सोडते. नदीच्या दोन्ही काठांना रुंद पट्टा कोरा ठेवला आणि त्यावर लिहिले, 'नदीची जागा. घर बांधू नये.' कोणी विचारले, मग माणसे कुठे राहतील? तो म्हणाला, "वर. ती जागा मी मोजणार आहे."

जीवांविषयी थोडक्यात सांगतो. हस्तलिखितवाल्या मुलीने शंभर चौरस किलोमीटरांच्या एका बेटावर चाळीस वाघ ठेवले होते. एका वाघाला वर्षाला सुमारे पन्नास हरणे लागतात, आणि कळप टिकायचा तर त्यामागे पाचशेंचा जथा लागतो. चाळीस वाघांना वीस हजार हरणे! भरल्या जंगलातही चौरस किलोमीटरला साधारण पन्नास-साठच मिळतात. बेटावर दहा वाघ राहिले. बाकीचे तीस तिने खोडरबराने पुसले, एकेक करून, कारण प्रत्येकाला नाव दिलेले होते. तिच्या आंब्यांना आम्ही उष्ण कटिबंधात जागा काढून दिली, आणि बर्फ दूर उंच शिखरांवर दिसेल इतपत ठेवले. तिची आमराई आणि तिचा बर्फ एकाच चित्रात आले. फक्त मध्ये चार हजार मीटरांची चढण आहे.

प्राणवायूचे एक भांडण अजून मिटलेले नाही. पृथ्वीच्या हवेत तो सूक्ष्म जीवांनी भरला आणि त्याला अब्जावधी वर्षे लागली. फ्रँक हर्बर्टने १९६५ च्या 'ड्यून' कादंबरीत झाडपाला जवळजवळ नसलेला वाळूचा ग्रह केला आणि तिथला प्राणवायू अजस्र अळ्यांच्या पोटातून काढला. आमच्या वर्गातल्या दोघांना ही युक्ती पसंत आहे, बाकीच्यांना ती पळवाट वाटते. आमचे मत बाकीच्यांकडे झुकते, पण मत मागितल्याशिवाय आम्ही देत नाही.

नकाशा आणि टिपांची वही मागच्या भिंतीपाशी मांडली आहे. टिपा झाल्या आहेत १८७. केप्लरला गाठायला अजून छत्तीस हव्यात, असे मुले म्हणतात. चहाच्या वेळी आपण जरूर पाहावे. नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात, नदीच्या कोऱ्या पट्ट्याच्या वर, तांबड्या शाईने एक लहान चौकोन काढलेला दिसेल. ती शाळा आहे. मुलगा दिवाळीच्या सुटीत गावी गेला होता, तेव्हा गावच्या देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण आहे ती त्याने टेपने मोजून आणली. मावशीवरची शाळा त्या खुणेहून दोन मीटर उंच धरली आहे. ती टीप क्रमांक १४२.